श्वास न घेणारी गायिका

काळात मागे नेणारं यंत्र अजून कुणी बांधलेलं नाही, असं वाटत असेल तर जपानच्या निको निको दोगा या व्हिडिओंच्या संकेतस्थळावर जा. पैसे भरून सभासद व्हा आणि एखाद्या जुन्या गाण्याची प्रतिक्रियांची यादी उघडा. तिथे तारीख आणि वेळ निवडायची सोय आहे. निवडलेल्या क्षणानंतर आलेल्या प्रतिक्रिया नाहीशा होतात आणि तेव्हाची गर्दी परत येते. ही गर्दी व्हिडिओच्या खाली रांगेत बसत नाही. गाणं चालू असताना पांढरी अक्षरं उजवीकडून डावीकडे, थेट चित्रावरून, सरकत जातात. गाण्याच्या ज्या सेकंदाला कुणी काही लिहिलं, त्याच सेकंदाला ते उमटतं. लिहिणारा काल आलेला असो की सतरा वर्षांपूर्वी, दोघं शेजारी शेजारीच धावतात.

तुमचं वय बत्तीस. जन्म साप्पोरोचा, नोकरी तोक्योत, घर एका खोलीचं. आज कामावरून येताना लोकलमध्ये शेजारच्या शाळकरी मुलाच्या इअरफोनमधून एक आवाज झिरपत होता. तरतरीत, किंचित नाकातला, धातूची कड असलेला. गाणं ओळखीचं नव्हतं, आवाज मात्र लगेच ओळखलात. बारा-तेरा वर्षांत तुम्ही तो मुद्दाम ऐकलेला नाही. आता रात्र आहे, हेडफोन कानावर आहेत आणि तारखेची चौकट समोर उघडी आहे. प्रवासाची अट एकच: शरीर तेव्हाचं मिळेल, कान मात्र आताचेच राहतील.

३१ ऑगस्ट २००७

शुक्रवार. साप्पोरोतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तुम्ही वडिलांबरोबर माउस घ्यायला आला आहात. वय पंधरा. संगीताच्या सॉफ्टवेअरच्या फळीवर एक नवं खोकं मांडलंय. त्यावर पोटऱ्यांपर्यंत पोचणाऱ्या हिरव्यानिळ्या दोन शेपट्यांची मुलगी आहे, दंडावर ०१ असा लाल आकडा आणि बाहीवर सिंथेसायझरची बटणं. हात्सुने मिकु. वय १६, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ४२ किलो. तिला मानवणारा गाण्याचा वेगही ठरलेला आहे: मिनिटाला ७० ते १५० ठोके. किंमत १५,७५० येन. तुमच्या महिन्याच्या खर्चात चार अंकी रक्कमसुद्धा नाही, म्हणून तुम्ही खोकं परत ठेवता.

पंधराव्या वर्षी तुम्हाला जे ठाऊक नव्हतं, ते बत्तिशीच्या कानांना ठाऊक आहे. हे खोकं बनवणारी क्रिप्टन फ्यूचर मीडिया याच शहरातली कंपनी आहे. आतलं व्होकलॉइड नावाचं इंजिन यामाहाचं. केन्मोची हिदेकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली त्यावर काम सुरू केलं, त्यात बार्सेलोनाच्या पोंपेउ फाब्रा विद्यापीठाचा हात होता. २००४ मध्ये लिऑन आणि लोला हे इंग्रजी गाणारे पहिले आवाज बाजारात आले. त्याच वर्षी मेइको ही जपानी बाई आली आणि २००६ मध्ये काइतो हा बुवा. काइतो फारसा खपला नाही. पुढच्या खेपेला क्रिप्टनने गायिकेऐवजी फुजिता साकि या तरुण ध्वनी-अभिनेत्रीला निवडलं. स्टुडिओत बसून तिने अर्थ नसलेली अक्षरं वेगवेगळ्या सुरांत उच्चारली. व्यंजनातून स्वरात आणि एका स्वरातून दुसऱ्या स्वरात जाणारे बारीक बारीक तुकडे त्यातून काढले गेले. चित्रकार केइने त्या तुकड्यांना चेहरा दिला. खोक्यात गाणं नाहीच. आहे ती कापून ठेवलेली बाराखडी, जुळवणाऱ्याची वाट पाहणारी.

पडद्यावर एकीचे ओठ आणि मागे दुसरीचा गळा, ही रीत पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्या कानांना नवी नाही. पण आपल्याकडे नटी बदलते, गळा एकच राहतो आणि तो गळा कुणाचा हे साऱ्या देशाला माहीत असतं. साप्पोरोच्या या खोक्याने मांडणी उलटी केली. गळा आणि चेहरा दोन्ही कायमचे ठरलेले, आणि त्यांच्यामागे कोण उभं आहे तेवढं मात्र कुणालाच ठाऊक नाही.

७ डिसेंबर २००७

बैठकीच्या खोलीत घराचा एकुलता एक संगणक. बाहेर बर्फ पडतंय, आई स्वयंपाकघरात आहे, बाबा टीव्हीसमोर. आवाज कमी करून तुम्ही निको निको उघडता.

गेल्या तीन महिन्यांत मिकु इथली करमणूक झाली आहे. सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तिला फिनलंडची ‘इएवान पोल्का’ गायला लावली. चित्रात तिचं गोलमटोल छोटं रूप हातातली नेगी, म्हणजे लांबलचक कांद्याची पात, गरगर फिरवत होतं. तेव्हापासून पात तिच्या हातातून सुटलेली नाही. मग ‘मी तुला मिकुमय करून टाकीन’ अशा थाटाची गाणी आली. नव्या खेळण्याने स्वतःबद्दलच गायचं, असा तो काळ.

आज र्यो नावाच्या कुणीतरी ‘मेल्ट’ टाकलंय. पियानो, गिटार, सरळसोट पॉप चाल. गाणारी मुलगी आता सॉफ्टवेअर नाही. सकाळी उठून केस कापून घेणारी, आवडत्या मुलाच्या छत्रीत चालताना जीव मुठीत धरणारी साधी शाळकरी मुलगी आहे. पांढरी अक्षरं दाटत जातात, ध्रुवपदाला तर चित्रच दिसेनासं होतं. टाळ्या म्हणून लोक ८८८८ टाइप करतात. त्या हिवाळ्यात हौशी गायक हेच गाणं स्वतःच्या गळ्यातून गाऊन इतक्या संख्येने टाकतात की लोकप्रियतेची यादी ‘मेल्ट’च्या आवृत्त्यांनीच भरून जाते. त्याला ‘मेल्ट शॉक’ असं नावही पडतं. गाण्यामागचं चित्र र्योने परवानगी न घेता वापरलेलं होतं. त्यातूनच चित्रकाराशी ओळख झाली आणि पुढे दोघं सुपरसेल या गटात एकत्र आले. इथे चोरीचीसुद्धा भागीदारी होत होती.

पंधराव्या वर्षी तुम्ही छातीतली धडधड ऐकलीत. आज त्याच खुर्चीत बसून शब्दांचे सांधे ऐकू येतात. एक अक्षर दुसऱ्याला नीट जोडलेलं नाही, ‘त्स’ गिळला गेलाय, लांब सुरावरचा कंप एका मापाचा आहे. आणि एक गोष्ट तेव्हा कशी सुटली कोण जाणे: ही मुलगी श्वास घेत नाही. तिला फुप्फुसं नाहीत. दोन ओळींमध्ये श्वास हवा असेल तर तो बनवणाऱ्याने स्वतः आणून ठेवायचा. सुरांचा चौकोन काढायचा, त्यात अक्षर टाकायचं, सूर कुठे चढेल, कुठे सैल पडेल याची रेष माउसने ओढायची. तिथले लोक या कामाला चोक्यो म्हणतात. एका कडव्याला रात्र जाते. कुठल्या अक्षरावर किती रेंगाळायचं हे यंत्र ठरवत नाही. त्या ‘मेल्ट’मध्ये जिथे आवाज हलकाच कचरतो, तिथे कुणीतरी मध्यरात्री दिवा लावून बसलेलं आहे.

१ एप्रिल २००८

इथे फार थांबायचं नाही, पण चुकवायचंही नाही. निनावी गप्पांच्या एका प्रसिद्ध जपानी फलकावरच्या मंडळींनी एप्रिल फूल म्हणून नवी व्होकलॉइड गायिका आल्याची थाप ठोकली आहे. तांबडे केस, गिरमिटासारखी पिळलेली दोन शेपटं, नाव कासाने तेतो. तिचं वय त्यांनी ३१ ठरवलंय, कारण गोष्ट जितकी बाष्कळ तितकी मजा अधिक. थाप त्याच दिवशी उघडी पडते, पण गंमत आटोपत नाही. हौशी लोक उताउ नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तेतोला खराच आवाज देतात. खरखरीत, ठिकठिकाणी तुटणारा आवाज.

एकतीस म्हणजे किती म्हातारी, असं म्हणून तुम्ही त्या दिवशी हसता. हे वाक्य लक्षात राहू द्या.

फेब्रुवारी २०१०

साप्पोरोच्या बर्फ-महोत्सवात यंदा मिकुचा पुतळा आहे. बर्फाचा, म्हणून नखशिखान्त पांढरा. शहराने तिला आपली मुलगी म्हणून ओळखलंय. पुढच्या वर्षांत इथली ट्रामसुद्धा तिचं चित्र अंगावर घेऊन फिरेल. तुम्ही पुतळा बघायला जात नाही. विद्यापीठाची प्रवेश परीक्षा तोंडावर आहे. टेबलावर गणिताची पुस्तकं, कानात स्वस्त इअरफोन.

खोक्यावरचा ७० ते १५०चा आकडा या लोकांनी केव्हाच धाब्यावर बसवला आहे. कोस्मो नावाच्या पीने २००८ मध्ये ‘हात्सुने मिकुचं नाहीसं होणं’ या गाण्यात तिला मिनिटाला २४० ठोक्यांच्या वेगाने पळवलं. माणसाच्या जिभेला ते झेपणारच नाही, हाच त्यातला डाव. पी म्हणजे प्रोड्यूसर. नाव सांगायचं नसलेल्या या संगीतकारांना प्रेक्षकच काहीबाही टोपणनाव देतात आणि त्यापुढे पी जोडतात. कुणाचा चेहरा दिसत नाही. वय, गाव, धंदा, काहीच कळत नाही.

१४ फेब्रुवारीला वोवाका नावाच्या एकाचं गाणं येतं: ‘रोलिंग गर्ल’. काळं-पांढरं साधं चित्र. पियानो कुठे उसंत घेत नाही, गिटार खरवडत जाते, शब्द एकमेकांच्या पाठीवर आदळतात. एक मुलगी गडगडत खाली जातेय. कुणी तिला थांबायला सांगतं, ती आणखी एकदा म्हणते आणि परत गडगडते. शेवटाकडे गाणं श्वास रोखून धरण्याच्या गोष्टीपाशी येतं.

परीक्षेच्या त्या आठवड्यात तुम्हाला यातला फक्त वेग लागला होता. अभ्यास लवकर संपावा म्हणून लावायचं गाणं. बत्तिशीच्या कानांना थकवा ऐकू येतो. नोकरीची दहा वर्षं त्यांच्या गाठीशी आहेत. ‘आणखी एकदा’ म्हणताना माणसाचा आवाज कसा होतो, हे त्यांना आता माहीत आहे. आणि ज्या गळ्याला श्वासाची गरजच नाही त्याच्याकडून श्वास कोंडल्याची गोष्ट सांगून घेणारा माणूस काय करत होता, हेही कळतं. स्वतःच्या तोंडाने हे बोलला असता तर लोकांनी त्याच्याकडे वळून पाहिलं असतं, कुणी विचारपूस केली असती. मुलीच्या, त्यातही खोट्या मुलीच्या तोंडी घातलं की कुणी विचारत नाही. सगळे टाळ्या वाजवतात. त्याला तेच हवं होतं, आणि कदाचित तेच नको होतं.

९ मार्च २०१०

या तारखेला खरं तर तुम्ही साप्पोरोत होतात. पण एवढा प्रवास करायचाच, तर तेव्हा न मिळालेलं तिकीट आता काढायला काय हरकत आहे? तोक्योच्या खाडीकाठी, आओमीत, झेप तोक्यो नावाचं सभागृह. २०२२च्या पहिल्या दिवसापासून ते कायमचं बंद आहे, त्यामुळे तिथे जायला एवढाच मार्ग उरलाय.

बसायला खुर्च्या नाहीत. हजारो लोक उभे, प्रत्येकाच्या हातात हिरवी उजेडकांडी, काहींच्या हातात खरीखुरी नेगी. मंचावर ड्रम, गिटार, बास, कीबोर्ड वाजवणारे जितेजागते वादक. मधोमध काचेसारखा पारदर्शक पडदा. त्यावर मागून प्रकाश पडतो आणि ती उभी राहते. लोक याला होलोग्राम म्हणतात. खरं तर सपाट पडद्यावरचं प्रक्षेपण आहे. जवळच्या माणसांना ते दिसतंच, तरी कुणी नजर काढत नाही. ३९ गाणी होतात. मिकुबरोबर तिच्यासारखेच खोक्यातले आणखी आवाज, जुळ्यांसारखे रिन आणि लेन, येतात, लुका येते. बास वाजवणारा एकदा चुकून तिच्याकडे बघून हसतो.

तुम्ही मात्र मंचाकडे पाठ करून उभे राहता. पाहण्यासारखं आहे ते इकडे. रोज संगणकापुढे एकेकटी बसणारी ही माणसं पहिल्यांदाच एकमेकांचे घामेजलेले चेहरे बघताहेत. पडद्यावरून सरकणारी पांढरी अक्षरं लिहिणारे हात हे असे होते तर. आणि यांच्यातच कुठेतरी ती गाणी रचणारेही उभे असणार, तिकीट काढून, कुणाला न सांगता. शेजारचा बारीकसा मुलगा एका गाण्याला टाळी वाजवायची विसरून नुसता ओठ हलवतोय. तो कोण हे तुम्ही विचारत नाही. इथे तसं विचारायची पद्धत नाही.

३१ डिसेंबर २०१५

वर्षअखेरीला तुम्ही साप्पोरोच्या घरी आला आहात. नोकरीचं दुसरं वर्ष. स्टोव्ह धगधगतोय. होक्काइदोच्या रिवाजाप्रमाणे नववर्षाचं खाणं आदल्या रात्रीच टेबलावर मांडलंय. एनएचकेवर लाल विरुद्ध पांढऱ्या संघाचा गाण्यांचा कार्यक्रम चालू आहे. अख्खा देश या रात्री तो लावून ठेवतो.

कोबायाशी साचिको येते. एन्का या जुन्या धाटणीच्या गाण्यांची बडी गायिका, घराएवढ्या पोशाखासाठी प्रसिद्ध. आजी सावरून बसते, ‘साचिको आली!’ म्हणते. आणि साचिको गाऊ लागते ते ‘सेन्बोन्झाकुरा’. कुरोउसा-पी या टोपणनावाच्या माणसाने २०११ मध्ये मिकुसाठी रचलेलं गाणं.

आजीला वाटतं, हे तिच्या लहानपणचं काहीतरी आहे, ऐकल्यासारखं वाटतंय म्हणते. चालीतला जुना साज तिला फसवतो, आणि फसवावं असाच तो रचलेला आहे. तुम्ही तेव्हा खुलासा केला नाहीत. लपूनछपून ऐकायच्या गाण्याची आजीपुढे फोड कशी करायची, हा संकोच होता. या खेपेला सांगून टाका. ‘हे एका माणसाने घरात बसून केलं, आजी. गायला कुणी नव्हतं म्हणून संगणकाकडून गाऊन घेतलं.’ आजी थोडा वेळ साचिकोचा पोशाख न्याहाळते. मग म्हणते, ‘गायला कुणी नव्हतं? बिच्चारा.’

अख्ख्या संस्कृतीचा अभ्यास करून पुस्तकं लिहिणाऱ्यांना जे सांगायला प्रकरणं लागली, ते आजीने एका शब्दात आटोपलं.

२०१७, आणि २०१९

एव्हाना तुम्ही ऐकणं सोडलेलं आहे. सोडायचं असं काही ठरवलं नव्हतं. काम वाढलं, नवी नावं ओळखीची राहिली नाहीत, जुने लोकही निघून गेले. हाचि या नावाने ‘मात्र्योश्का’ करणारा पी २०१२ मध्ये योनेझु केन्शी हे स्वतःचं नाव घेऊन स्वतःच्या गळ्याने गाऊ लागला. २०१८ मध्ये त्याच्या ‘लेमन’ने सगळा देश व्यापला. ते गाणं तुमच्या कार्यालयातले साहेबसुद्धा कराओकेत गातात. हाचि कोण हे त्यांना ठाऊक नाही. वोवाकाने हितोरिए नावाचा बँड काढला. तोही स्वतः गाऊ लागला.

२०१७ साली मिकुला दहा वर्षं झाली तेव्हा दोघंही एकेका गाण्यापुरते परतले. हाचिचं ‘वाळूचा ग्रह’ हे त्या वर्षीच्या ‘मॅजिकल मिराइ’ मेळाव्याचं अधिकृत गाणं होतं. वाढदिवसाच्या गाण्यात त्याने आपल्या जुन्या वस्तीचं वाळवंट दाखवलं. कित्येक जण दुखावले, कित्येकांनी चिडून नवी गाणी केली. वोवाकाचं ‘अननोन मदर-गूस’ त्याच उन्हाळ्यातलं. सहा वर्षांनी त्याने पुन्हा मिकुला हात लावला होता. वेग तोच, पण बोलणारा आता आडोशाला उभा नाही. मी हे असं जगलो, तुम्ही मला घ्याल का, असं थेट विचारणारं गाणं.

ही दोन्ही तेव्हा तुम्ही ऐकली नाहीत. आता लागोपाठ ऐका. एकाने भांडण काढलं, दुसऱ्याने हात पुढे केला. दोन्ही गोष्टी माणूस घरच्यांशीच करतो.

५ एप्रिल २०१९ रोजी वोवाका गेला. वय ३१.

तारखेच्या चौकटीत त्यानंतरचा आठवडा निवडा आणि ‘रोलिंग गर्ल’ लावा. नवी अक्षरं संथपणे येत राहतात: आभार, निरोप, नुसतं नाव. जुन्या प्रतिक्रियाही मधूनच वाहतात, गाण्याच्या त्याच सेकंदांना चिकटलेल्या. परीक्षेला कंटाळलेली मुलं आणि शोक करणारी मोठी माणसं एकाच ओळीवरून जातात, काहीजण तर दोन्ही वेळा आलेले. त्यांच्याखालून मिकु गात असते, पूर्वीसारखीच, कुठेही दम न लागता. तिचं ते न दमणं या आठवड्यात ऐकवत नाही. तरी तुम्ही बंद करत नाही, कारण माउसने ओढलेली प्रत्येक रेष, शब्द कुठे तोडायचा आणि कुठे फरफटत न्यायचा हा प्रत्येक निर्णय त्याचा आहे. आवाज फुजिता साकिचा, चेहरा केइचा. दम तेवढा त्याचा.

जून २०२४

८ जूनला निको निकोवर सायबर हल्ला झाला आणि स्थळ बंद पडलं. ते पूर्ववत व्हायला ५ ऑगस्ट उजाडला. मधल्या काळात चालकांनी १४ जूनला एक तात्पुरती, लंगडी आवृत्ती सुरू केली. तिच्यात बहुतेक २००७ सालचे व्हिडिओ होते. बातमी कळली त्या रात्री लोक नव्या गाण्यांसाठी हळहळण्याऐवजी जुन्या चौकात जमले आणि पुन्हा ८८८८ टाइप करू लागले. तारीख निवडायची गरजच पडली नाही. संकट आल्यावर सगळ्या वस्तीने एकदमच मागे उडी मारली.

त्या वेळी तुम्ही गेला नव्हतात. आज गेलात तर फार रेंगाळू नका. आठवणींच्या गर्दीत एक धोका असतो: आपल्या तरुणपणीचं तेच खरं आणि पुढचं सगळं पोकळ, अशी हवा तिथे लवकर चढते. लोकलमधल्या त्या मुलाच्या कानात जे वाजत होतं, ते अजून ऐकायचं राहिलंय.

आज

तर ऐका. तो आवाज तेतोचा होता.

एप्रिल फूलची थाप म्हणून जन्मलेल्या तेतोला एप्रिल २०२३ मध्ये सिंथेसायझर व्ही नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये नवा आवाज मिळाला. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा, सांधे न दाखवणारा, पाहिजे तर अगदी माणसासारखा गाणारा. त्याच वर्षी तिने गायलेलं, हारागुची सासुके याचं ‘हितो मानिया’ आलं. मिकुचं खोकं दुकानात आलं तेव्हा हा शाळेत जायच्या वयाचाही नव्हता. पुढच्या वर्षी सात्सुकी या पीचं ‘मेझ्मरायझर’ आलं. त्यात मिकु आणि तेतो दोघी गातात. यूट्यूबवर ते दहा कोटींच्या वर पाहिलं गेलंय. भडक गोड रंग, गिरक्या घेणारी चाल, संमोहनाची जत्रा. ऐकताना पाय ठेका धरतात. दुसऱ्यांदा ऐकताना लक्षात येतं, इथे कुणीतरी विचार करायचाच थांबवावा म्हणून विनवणी करतंय आणि चित्रातल्या दोघींचं हसू काही खरं नाही. तिशी ओलांडलेल्या, रात्री दहाला घरी पोचणाऱ्या माणसाला हे गाणं कुणी समजावून सांगायला लागत नाही.

आणखी एक गंमत कानांना लागते. एवढा गुळगुळीत आवाज हाताशी असूनही हे नवे लोक तो बऱ्याचदा सपाट करतात, टोकं काढतात, मुद्दाम यंत्रासारखा ठेवतात. २००७ मध्ये र्यो रात्र रात्र जागून मिकुला माणसाजवळ नेत होता. आजची मुलं माणसाजवळ पोचलेल्या तेतोला परत लांब नेतात. कष्ट दोन्हीकडे सारखेच. आडोसा लागतो, आणि तो आडोसा आहे हे ऐकणाऱ्याला दिसायलाही लागतं. आवाज पूर्ण माणसासारखा झाला तर त्यामागे लपता येत नाही.

पंधराव्या वर्षी तुम्ही ही गाणी का धरून बसला होतात, याचं उत्तर तुम्ही आजवर ‘आवाज वेगळा होता’ असं देत आलात. आवाज वेगळा होताच. पण त्या आवाजात कुणी राहत नव्हतं, म्हणून ज्याला स्वतःचं बोलणं स्वतःच्या तोंडाने काढवत नव्हतं, त्याला आत शिरता येत होतं. तुम्ही ऐकत होतात ती अशी लाजाळू माणसं. तुमच्याच शहरातली, कदाचित तुमच्याच ट्राममधली. मिकुचं सोळावं वर्ष तुम्ही कधीच मागे टाकलंत. तेतोचं एकतीसही, जे तुम्हाला म्हातारपण वाटलं होतं, यंदाच ओलांडलंत. दोघी तिथेच थांबल्या आहेत आणि दर वर्षी कुणी ना कुणी नवा आत शिरतोय.

खोक्याचे पैसे आता तुमच्याकडे आहेत, आणि खोकं येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. सॉफ्टवेअर दहा मिनिटांत उतरतं. सुरांचा पहिला चौकोन काढा. त्यात अक्षर टाका. वाजवून बघा: भयंकर वाटतंय, ‘त्स’ गिळला गेलाय. तो चौकोन दोन भागांत तोडा, पहिला आखूड करा, सुराची रेष किंचित खालून चढवा. आता थोडं बरं आहे. दोन ओळींच्या मध्ये तिला श्वास द्यायचा की नाही, एवढं तुम्हाला ठरवायचंय.